दोन दिवसांचं काम दोन तासांत होतंय, आता मी काय करू?

"ताई, मला सॉफ्टवेअरमध्ये ४ वर्षं झाली, बॅकएंडचं काम करतो. आधी ज्या टिकटला, म्हणजे नेमून दिलेल्या कामाला, दोन दिवस लागायचे ते आता एआय एजंट (स्वतः कोड लिहिणारं टूल) दोन तासांत करून देतो. उरलेला वेळ मी बिझी असल्याचं नाटक करतो. टीममध्ये आम्ही ९ जण होतो, आता ६ आहोत, गेलेल्या तिघांच्या जागा भरल्या नाहीत आणि वर्षभरात एक फ्रेशर घेतला नाही. सॉफ्टवेअर इंजिनियरची डिमांड संपत चाललीये का? मी लाइन बदलू का? धाकटी बहीण कम्प्युटरची ब्रँच घ्यायची म्हणतेय, तिला हो म्हणू की नको? आणि हे दोन तासांचं मॅनेजरला सांगू का?
– मधल्यामध्ये अडकलेला"

अरे अडकलेल्या,

तुझ्या त्या नऊच्या सहापासून सुरू करते. तीन माणसं गेली आणि त्याच सुमारास एजंट आला, म्हणजे एजंटने तीन माणसं खाल्ली, असा हिशोब तू मनात करून टाकलायस. सगळेच करतायत, कंपन्या तर हौसेने करतायत, कारण "आम्ही एआयमुळे माणसं कमी केली" म्हटलं की शेअर वर जायची आशा असते आणि "आम्ही दोन वर्षांपूर्वी नको तेवढी भरती केली होती" म्हटलं की इज्जत जाते. जरा तारखा बघ. अमेरिकेत मार्च २०२२ पर्यंत व्याजदर जवळपास शून्यावर होता, तो चढत चढत जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला, आणि स्वस्त पैशावर भसाभस माणसं घेतलेल्या कंपन्यांना एकदम काटकसर सुचली. मेटाने ११,००० लोक काढायचं जाहीर केलं ते ९ नोव्हेंबर २०२२ ला. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी. त्यात अमेरिकेतला टॅक्सचा नियमही २०२२ पासून असा झाला की सॉफ्टवेअर बनवायचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करता येईना, देशातल्या कामाचा ५ वर्षांत आणि देशाबाहेर करून घेतलेल्या कामाचा १५ वर्षांत विभागून दाखवायचा (देशातल्या कामापुरता तो २०२५ मध्ये परत सैल केला). इंजिनियरचा पगार कंपनीला टॅक्सच्या हिशोबात किती जड वाटायला लागला असेल ते तुला समजावून सांगायला नको. तेव्हा लगेच साप साप म्हणून भुई धोपटू नको.

पण साप नाहीच असंही मी म्हणत नाहीये, कारण तुझ्या पत्रातली मला खरी टोचलेली ओळ वेगळीच आहे. वर्षभरात एक फ्रेशर नाही. ते नऊचे सहा होण्यापेक्षा मोठं आहे, आणि तू ते जाता जाता लिहून टाकलंयस.

स्टॅनफर्डच्या तिघा संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एडीपी या पगाराचं काम बघणाऱ्या कंपनीच्या डेटावरून एक अभ्यास काढला. त्यात अमेरिकेतल्या २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ च्या शेवटी सगळ्यात जास्त होत्या त्यापेक्षा जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसतात. त्याच काळात जरा मोठ्या वयाच्या, अनुभवी लोकांचं तसं काही झालेलं नाही, त्यांच्या जागा टिकल्यात, काही ठिकाणी वाढल्यात. यातलं किती एआयमुळे आणि किती व्याजदरामुळे यावर वाद चालूच राहतील, पण व्याजदर काही वय विचारून माणसं काढत नाही ना. त्यामुळे डिमांड सरसकट आटत नाहीये, शिडीची खालची पायरी कापली जातेय असं माझं मत आहे, आणि तू त्या पायरीच्या जेमतेम एक वर उभा आहेस म्हणून तुला पायाखाली हलल्यासारखं वाटतंय. ते वाटणं खोटं नाही.

आता खालचीच पायरी का, तर फ्रेशरला आपण काय काम द्यायचो ते आठव. छोटं टिकट, काय हवंय ते स्पष्ट लिहिलेलं, कुठली फाइल ते सांगितलेलं, बरोबर झालं की नाही ते टेस्ट सांगणार. नेमकं हेच मशीनला जमतं. एसडब्ल्यूई-बेंच नावाची एक परीक्षा आहे, खऱ्या पायथन प्रोजेक्टांमधले खरे इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, एआय मॉडेलला सोडवायला देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा २,२९४ इश्यू होते आणि सगळ्यात हुशार मॉडेलला शंभरातले दोनसुद्धा धड सुटले नव्हते. पुढे त्यातले ५०० माणसांनी तपासून निवडले आणि २०२५ मध्ये चांगली मॉडेल्स त्यातले ७० टक्क्यांच्या वर सोडवायला लागली. यादी बदललीये त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही, तरी दोन वर्षांत हा फरक म्हणजे काही थट्टा नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घे, त्यातला प्रत्येक इश्यू आधी कुणीतरी माणसाने लिहून ठेवलेला होता आणि उत्तर तपासायच्या टेस्टही तयार होत्या.

मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे आणि "आता प्रोग्रामरची गरज संपली" हे इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. आयबीएमने १९५४ मध्ये फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा पहिला आराखडा मांडला तेव्हाच त्यात असं होतं की याने कोडिंग आणि डिबगिंग जवळपास संपेल. संपलं की नाही ते तू रोज बघतोयस! १९८१ मध्ये तर 'द लास्ट वन' नावाचं सॉफ्टवेअर विकायला आलं होतं, म्हणजे शेवटचा प्रोग्रॅम, यापुढे माणसाने लिहायची गरजच नाही. पण खरं सांगू, लोक हा इतिहास धीर द्यायला सांगतात तेव्हा मला तो पूर्ण पटत नाही. कंपायलरने, म्हणजे फोरट्रानसारख्या भाषेतला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, कधी स्वतः टिकट उचललं नव्हतं, रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा सगळा साठवलेला कोड) वाचून, कोड लिहून, टेस्ट फेल झाली म्हणून परत दुरुस्त केला नव्हता. यावेळचं प्रकरण वेगळं आहे. इतिहासातून मी एवढंच घेते की सॉफ्टवेअर करून घेणं स्वस्त झालं की लोक जास्त सॉफ्टवेअर मागतात, जे काम आधी कुणी "एवढ्यासाठी कशाला" म्हणून मागतच नव्हतं तेही मागतात, पण ते वाढलेलं काम आधीच्याच माणसांच्या वाट्याला येतं असं नाही.

याचा एक मजेशीर पुरावा अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकड्यांत सापडतो. त्यांच्याकडे 'कम्प्युटर प्रोग्रामर' आणि 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. प्रोग्रामर म्हणजे मुख्यतः कोड लिहिणं, बदलणं, तपासणं. डेव्हलपर म्हणजे लोकांना काय लागतं ते बघून सॉफ्टवेअर ठरवणं, डिझाइन करणं. २०२४ ते २०३४ साठी त्यांचा अंदाज असा की प्रोग्रामरच्या नोकऱ्या ६ टक्क्यांनी कमी होतील आणि डेव्हलपर, टेस्टर वगैरे मिळून १५ टक्क्यांनी वाढतील. अंदाजच आहे तो, उद्या बदलेल. पण ऑफिसात या दोन्ही ओळी एकाच खुर्चीवर बसलेल्या असतात, सकाळी तू एका ओळीत असतोस आणि दुपारी दुसऱ्या, आणि तुझा आठवडा किती या ओळीत जातो नि किती त्या ओळीत हे पगाराच्या स्लिपवर कुठेच लिहिलेलं नसतं.

तुला आमच्याकडचीच गोष्ट सांगते म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. पेमेंट गेटवेला, म्हणजे ग्राहकाचे पैसे कापणाऱ्या बाहेरच्या सिस्टिमला, कॉल करताना आम्हाला अधूनमधून टाइमआउट यायचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच यायचं नाही. टिकट पडलं, "पेमेंट फेल झालं तर तीनदा रिट्राय करा." एका ओळीचं. एजंटला दिलं, काही मिनिटांत कोड हजर, आणि कोड छान होता हं, प्रत्येक प्रयत्नानंतर आधीपेक्षा जरा जास्त थांबणारा, लॉग व्यवस्थित, टेस्ट त्यानेच लिहिल्या आणि सगळ्या हिरव्यागार. रिव्ह्यू करणाऱ्या मुलाने ओके केलं. मीही केलं असतं, दुपारची वेळ होती आणि डोळ्यांपुढे तपासायला आलेल्या कोडच्या अजून सात पुल रिक्वेस्ट होत्या. आमच्यातला एक जण आधी सपोर्टला होता, तो सहज डोकावला आणि म्हणाला, "अहो, टाइमआउट म्हणजे फेल नाही."

झालं. म्हणजे बघ, टाइमआउट आला तेव्हा समोरच्याने पैसे कापलेलेही असू शकतात, फक्त "कापले" हा निरोप आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. आपण परत कॉल केला की परत कापणार. पहिला प्रयत्न आणि वर तीन रिट्राय, एका ऑर्डरचे चारदा पैसे. टेस्टमध्ये हे दिसणार कसं, कारण टेस्टमधला खोटा गेटवे एकतर पास होत होता नाहीतर सरळ एरर देत होता, "पैसे घेतले पण उत्तर दिलं नाही" असा तिसरा प्रकार त्यात नव्हताच. आम्ही एजंटला सांगितलं की प्रत्येक पेमेंटला एक युनिक 'की' (स्वतःचा ओळख क्रमांक) लाव, म्हणजे तेच पेमेंट परत आलं तर गेटवेला ओळखता येईल. लगेच लावली. कुठे लावली, तर रिट्रायच्या लूपच्या, म्हणजे दर प्रयत्नाला परत चालणाऱ्या कोडच्या, आत! म्हणजे दर प्रयत्नाला नवीन की, गेटवेच्या दृष्टीने दर वेळी नवीन पेमेंट. परत सांगावं लागलं की बाबा, ती 'की' एकदाच बनव, पहिल्या कॉलच्या आधी डेटाबेसमध्ये टाक आणि मग तीच वापर.

यात एजंटला मूर्ख ठरवायचा माझा हेतू नाहीये, नवा मुलगा असता तर त्यानेही हेच केलं असतं, आणि पुढचं मॉडेल कदाचित की पहिल्या फटक्यात बरोबर जागी लावेल. पण चूक मुळात टिकटात होती. "फेल झालं तर" हे शब्दच चुकीचे होते आणि टिकट लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याने सहा महिने फोनवर चिडलेल्या माणसांचं "माझे दोनदा पैसे कापले" ऐकलं होतं. ते ज्ञान आमच्या रिपॉझिटरीत कुठेही लिहिलेलं नव्हतं, तर एजंट ते वाचणार कुठून?

(आणि असा माणूस तयार कसा झाला, तर खालच्या पायरीवर फालतू कामं करत. आता ती पायरीच नसेल तर दहा वर्षांनी "टाइमआउट म्हणजे फेल नाही" कोण म्हणणार हे कंपन्यांना कळत नाही असं नाही, पण आपण शिकवायचं आणि तयार झाला की शेजारची कंपनी उचलून नेणार, म्हणून जो तो शेजाऱ्याकडे बघत बसलाय.)

तर लाइन बदलू का, या प्रश्नाचं माझं उत्तर नको असं आहे, निदान या भीतीपोटी नको. जाणार कुठे आहेस? जे काम मुख्यतः स्क्रीनवर वाचून आणि टाइप करून होतं त्या सगळ्याच कामांना हा वारा लागणारे, आणि तिथे तू पुन्हा खालच्या पायरीवर असशील. हातात ४ वर्षं आहेत, ती घेऊन इथेच जरा सरक. तुमच्या सिस्टिमचा असा एक भाग शोध जो बिघडला की आरडाओरडा होतो आणि ज्याला हात लावायला सगळे घाबरतात, प्रत्येक टीममध्ये असतोच, आणि तो भाग आपल्या अंगावर घे. गेल्या दोन वर्षांत तिथे जे जे पडलं त्याच्या नोंदी वाच. ऑन-कॉल घे, हो, रात्रीचा फोन उचलायचा, मला माहितेय कुणाला आवडत नाही. महिन्यातून एक दिवस सपोर्टच्या लोकांशेजारी बस आणि काही न बोलता नुसतं ऐक. आणि टिकट येईपर्यंत थांबायची सवय सोड, लिहिणाऱ्याकडे जाऊन विचार की हे कशासाठी हवंय. माझ्या अनुभवात "एक्सपोर्टचं बटण द्या" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना बटण नकोच असतं, त्यांना दर सोमवारी एक आकडा मेलवर हवा असतो, आणि बटण दिलं तर कुणीतरी तीन लाख ओळी एकदम एक्सपोर्ट करून सर्व्हर झोपवतो.

प्रॉम्प्ट कसा लिहावा याचे कोर्स मात्र घेत बसू नको. दर सहा महिन्यांनी टूल बदलतं आणि कोर्स जुना होतो, शिवाय ज्याला काय हवंय ते माहितेय त्याला ते साध्या भाषेत सांगता येतंच.

बहिणीचं काय. तिला आवड असेल तर हो म्हण, फक्त "नोकरी पक्की" म्हणून घेत असेल तर तिला समोर बसवून सांग की ते दिवस गेले, पहिली नोकरी मिळायला तुला लागला त्यापेक्षा तिला जास्त वेळ लागेल असं धरून चाल. ती शिकून बाहेर पडेल तेव्हा काय टूल्स असतील याचा विचार करण्यात काही अर्थ नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस हे जे विषय आपण परीक्षेपुरते पाठ केले ते तिने नीट समजून घ्यावेत, कारण वरची ती पेमेंटची गोष्ट शेवटी नेटवर्कचीच गोष्ट होती. आणि पहिली दोन वर्षं तरी आधी स्वतः लिहून, अडकून, डोकं धरून बसून मग एआयला विचारावं. अडकून बसल्याशिवाय डिबगिंग येत नाही, मला तरी दुसरा मार्ग दिसलेला नाही. कंटाळवाणं आहे. ती तुझं ऐकेल असंही नाही.

आता ते दोन तास.

आधी मला सांग, खरंच दोन तास आहेत का? २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने एक प्रयोग केला, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांचेच जुने मोठे प्रोजेक्ट, एकूण २४६ कामं, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं. उलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात ९५ जणांना एक छोटा सर्व्हर कोऱ्यापासून लिहायला दिला होता, तिथे कोपायलट हे एआय टूल वापरणारे जवळपास ५६ टक्के लवकर मोकळे झाले. म्हणजे कोरं आणि छोटं असेल तर धावतं, जुनं आणि गुंतागुंतीचं असेल तर धावल्यासारखं वाटतं. मेटरच्या प्रयोगातली टूल्स २०२५ च्या सुरुवातीची होती, आता सुधारलीयेत, पण स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवू नये हे मला त्यातून पटलं. त्यामुळे महिनाभर मोज, कुठलं टिकट कधी घेतलं, कधी रिव्ह्यूला गेलं, किती वेळा परत आलं, प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या ग्राहकांपर्यंत, गेल्यावर त्यातून बग निघाला का, आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा किती वेळ खाल्ला. तो शेवटचा आकडा कुणी मोजत नाही. तुझे वाचलेले तास दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसलेले असू शकतात.

आणि हो, कंपनीने परवानगी दिलेलंच टूल वापरतोयस ना? स्वतःच्या अकाउंटवर कंपनीचा कोड पेस्ट करत असशील तर ते आजच बंद कर, बाकी सगळं नंतर.

मोजून झाल्यावर वेळ खरोखरच उरत असेल तर मॅनेजरला सांग, पण "माझं काम दोन तासांत होतं" या भाषेत सांगू नको. तुझी भीती मला कळते, सांगितलं की तिप्पट टिकटं गळ्यात पडतील किंवा सहाचे चार होतील. पण नाटक किती दिवस चालेल? शेजारच्या टेबलवरही तोच एजंट आहे, तुझ्या मॅनेजरकडेही आहे, आणि रिपॉझिटरीत कोड किती वाजता पडला ते कुणालाही दिसतं. त्याला कळायचं ते कळणारच, आणि मग संभाषण तो सुरू करेल. त्यापेक्षा उरलेल्या वेळात आधी काहीतरी करून ठेव आणि ते घेऊन जा. मी तुझ्या जागी असते तर साधारण असं टाइप केलं असतं:

"सर, गेल्या महिन्यात माझी १४ टिकटं एजंटच्या मदतीने अंदाजापेक्षा लवकर झाली, रिव्ह्यूमधून २ परत आली, प्रॉडक्शनमध्ये १ बग निघाला. उरलेल्या वेळात मी पेमेंटच्या जुन्या तक्रारी वाचल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकाच कारणाने आल्यात असं दिसतंय. तो भाग पुढचे तीन महिने मी बघू का? ऑन-कॉलसकट."

आकडे अर्थात तुझे टाक, आणि परत आलेल्या टिकटांचा आकडा लपवू नको, मॅनेजर तो आधी बघतात.